हेड वाकडं होतं

सोलापुरात कन्ना चौकाजवळ माझं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. १९७९ साली उघडलं, गेल्या दिवाळीनंतर रिकामं केलं. दहा बाय आठची खोली. भंगारवाल्यानं सगळं वजनावर नेलं. दोन वस्तू तेवढ्या त्याला दिल्या नाहीत. एक भिंतीवरचा लताचा फोटो आणि दुसरी घरी डब केलेली एक कॅसेट. या कॅसेटपायी मी पूर्व भागातले कितीतरी टेपरेकॉर्डर बिघडवले, तेही पैसे घेऊन. ती हकिगत पुढे येईल.

मी लताला ‘लता’च म्हणतो. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यातलं. तिथं विठोबाला अहो-जाहो करणारा वारकरी कुणी पाहिलाय का? साठ वर्षं एकाच आवाजाच्या मागे लागलेल्या माणसाला काय कळलं आणि काय कळायला उशीर झाला, ते आठवेल तसं लिहितोय. नंबर टाकलेत ते सवयीनं. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक सेटला चिठ्ठी बांधून नंबर टाकायचो, तसे.

१. जे गाणं पहिल्यांदा जसं ऐकलं, तेच खरं वाटतं. मग ते कितीही बिघडलेलं असो.

वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये साच्यावर होते. आमच्याकडे रेडिओ नव्हता, चाळीत मामांकडे व्हॉल्व्हचा एक सेट होता. बटण फिरवलं की आधी डायलमागे पिवळा उजेड यायचा आणि मग बऱ्याच वेळानं आवाज. मामा सिलोनच लावायचे. १९५२ साली माहितीमंत्री केसकरांनी आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हटवली तेव्हापासूनचा त्यांचा तो नेम. १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली तरी मामा परत आले नाहीत. सकाळी आठच्या आत सैगलचं गाणं झालं की आम्ही पोरं शाळेला, आणि बुधवारी रात्री आठला बिनाका. सिलोन यायचं शॉर्टवेव्हवर. आवाज समुद्रासारखा, भरती आली की घर भरायचं, ओहोटी लागली की मामा सेटला कान लावून बसायचे.

‘महल’मधलं ते प्रसिद्ध गाणं मी तिथंच ऐकलं. त्याच्या सुरुवातीला आवाज लांबून येतो, हळूहळू जवळ येतो. मला वाटायचं, स्टेशन गेलं. मी उठून डायल फिरवायचो आणि मामांची टपली खायचो. खूप वर्षांनी वाचलं, की १९४९ साली रेकॉर्डिंगच्या वेळी माईक खोलीच्या मधोमध ठेवला होता आणि लता कोपऱ्यातून गात गात त्याच्याकडे चालत आली होती. म्हणजे दुराव्याचा तो सूर तिच्या पावलांनी मोजलेला होता आणि मी तो डायल फिरवून दुरुस्त करू बघत होतो!

पुढे पहिल्या पगारात त्याची रेकॉर्ड घेतली, लावली आणि हिरमुसलो. सगळं स्वच्छ, एका जागी उभं. माझ्या गाण्यातली सिलोनची ओहोटी त्यात कुठं होती?

२. आपल्या गावाचा संबंध निघाला की कान हळवे होतात.

९ सप्टेंबर १९३८. ही तारीख मी दुकानाच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवली होती. त्या दिवशी लता वडिलांबरोबर पहिल्यांदा शास्त्रीय गाणं गायला रंगमंचावर बसली आणि ते सोलापुरात. वय नऊलाही काही दिवस कमी. राग खंबावती आणि दोन मराठी पदं गायली. साडेतीन वर्षांनी, एप्रिल १९४२ मध्ये मास्टर दीनानाथ गेले.

आमच्या गल्लीत एक आजी होत्या. त्या सांगायच्या, मी त्या जलशाला होते. ‘काय गायली हो?’ असं विचारलं की म्हणायच्या, ‘ते काही आठवत नाही बाबा. पोर मात्र नंतर बापाच्या मांडीवर डोकं ठेवून तिथंच झोपली.’ मला त्यांचा राग यायचा. खंबावती ऐकून हिनं लक्षात काय ठेवलं, तर झोप! पुढे ती झोपल्याची आठवण स्वतः लतानं मुलाखतीत सांगितलेली वाचली. आता आजींनी ती पाहिली होती की आमच्यासारखीच कुठं तरी वाचली होती, हे विचारायला आजी नाहीत. पण तेव्हापासून खंबावती कुणीही गायला लागलं की मला पोर झोपलेली दिसते. रागाचं मला काडीचं कळत नाही, तरी हा राग माझ्या गावचा आहे.

३. शत्रू चांगला निवडावा.

मामा फार कडवे. साठच्या दशकात रॉयल्टीवरून लता आणि रफी यांचं बिनसलं, दोघांनी एकत्र गाणं बंद केलं, तेव्हा मामांनीही रफी बंद केला. रफी लागला की सेटचा आवाज बारीक व्हायचा. पुढे त्या दोघांचा समेट झाला; मामांचा व्हायला आणखी दोन-तीन वर्षं लागली.

माझा शत्रू ओ. पी. नय्यर. या माणसानं एवढी गाणी केली आणि लताचं एकही घेतलं नाही. मग आपण का ऐकायचं? माझ्या वर्गातला एक दोस्त मात्र ओपीवर जीव टाकायचा. त्याचे वडील स्टेशनवर टांगा चालवायचे. ओपीच्या गाण्यात घोड्याच्या टापांचा ठेका लागला की हा मांडीवर हात मारून म्हणायचा, ‘ऐकलालास का बे? आमच्या बाबाचा घोडा हाय हे.’ मी कानात बोटं घालायचो. खरंच घालायचो.

१९८३-८४ च्या सुमारास एक गिऱ्हाईक टेप टाकून गेलं, आत कॅसेट अडकलेली. बेल्ट बदलला, पिंच रोलर पुसला, चालू करून बघितलं तर ‘नया दौर’. काम चालू होतं म्हणून बंद करता आलं नाही. स्पीड बघायचा म्हणजे ठेका ऐकावाच लागतो. आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला ठेका ऐकू आला. शब्द नाही, गाणाराही नाही. आधी टापा, मग मध्येच क्लॅरिनेट, मग सारंगीचा एक तुकडा, तो इतका ठसठशीत की वाटलं हा माणूस दुकानात वाजवून गेला. लताची गाणी मी हजारदा ऐकली होती, पण त्यातला तबला कुठं कसा चालतो हे मला सांगता आलं नसतं. मी आवाज ऐकत होतो. गाण्यातल्या बाकीच्यांना मी प्रेक्षकांत बसवलं होतं.

संध्याकाळी दोस्ताकडे गेलो. वडील गेले होते, टांगा विकून दोस्तानं रिक्षा घेतली होती. मी काही बोललो नाही. वीस वर्षांची हार एकदम कशी कबूल करायची?

४. नाव आधी कळलं तर कान उघडतच नाही.

‘महल’ची रेकॉर्ड आली तेव्हा तिच्यावर गायिकेचं नाव नव्हतं, सिनेमातल्या पात्राचं ‘कामिनी’ हे नाव होतं. लोकांनी रेडिओला पत्रं लिहिली, ही कोण ते सांगा. मला त्या लोकांचा हेवा वाटतो. त्यांनी आवाजावर प्रेम केलं, नाव नंतर आलं.

माझं उलटं. १९६७ च्या ‘नूरजहाँ’मधलं रोशनचं एक गाणं मला प्राणापलीकडे आवडायचं. अर्थात लताचं म्हणून. दुकानात आलेल्याला थांबवून ऐकवायचो, बघा ही हरकत कशी घेतलीय, दुसऱ्या कुणाला जमेल का. एके दुपारी विविध भारतीवर ते लागलं आणि निवेदिकेनं नाव सांगितलं, सुमन कल्याणपूर.

त्या क्षणी जे झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. गाणं चालूच होतं. तीच हरकत परत आली. आणि मला ती जराशी कच्ची वाटली! अर्ध्या मिनिटात, सोल्डरिंग आयर्न हातात असताना, माझ्या कानानं पक्ष बदलला. सुमनताईंच्या आवाजात काहीच फरक पडला नव्हता. त्यानंतर मी स्वतःला शिक्षा म्हणून महिनाभर फक्त त्यांची गाणी ऐकली. शिक्षा तिसऱ्या दिवशी संपली. पुढचे दिवस मजेत गेले.

५. हेडची गोष्ट.

ज्यांनी कॅसेट वापरली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. टेपचं हेड म्हणजे धातूचा छोटा ठोकळा. त्याच्या तोंडावर केसाहून बारीक उभी फट असते आणि ती टेपच्या चालीला बरोबर काटकोनात लागते. फट किंचित जरी कलली तरी तिखट आवाज मरतो. ‘स’, ‘श’, झांज, तंबोऱ्याची जवार, गाणाऱ्याचा श्वास, सगळं जातं. गाणारा चादर पांघरून गातोय असं वाटतं. सोलापुरी चादर, वजनदार. मग हेडच्या एका बाजूला स्प्रिंगवर बसलेला बारीक स्क्रू असतो, तो कॅसेट चालू ठेवून पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे करायचा. आवाज सगळ्यात तिखट येईल तिथं थांबायचं आणि वर नेलपॉलिशचा थेंब टाकायचा, म्हणजे स्क्रू हलत नाही. मीटर होते मोठ्यांकडे. माझ्याकडे कान होता.

आणि माझ्याकडे ती कॅसेट होती. १९८१ मध्ये एका ओळखीच्याच्या रेकॉर्डवरून मी स्वतः भरून घेतलेली. ‘अदालत’, ‘अनपढ’, ‘वो कौन थी’, सगळा मदनमोहन. प्रत्येक टेपचं हेड मी या कॅसेटवर सेट करायचो. हिच्यातला प्रत्येक श्वास मला पाठ होता. दुसरी कॅसेट लावून सेट करणं मला पाप वाटलं असतं.

पूर्व भागात माझी गिऱ्हाइकं जास्त. तिथं घराघरात पॉवरलूम, दिवसभर खटखट, आणि त्या खटखटीच्या वर चढेल असा टेपरेकॉर्डर प्रत्येक मागाजवळ टांगलेला. टॉवेल विणता विणता तेलुगू सिनेमाची गाणी, भीमसेनांचे अभंग, कन्नड वचनं. लोक म्हणायचे, मिस्त्री, तुम्ही दुरुस्त केलं की घरी भरलेल्या कॅसेटी छान वाजतात, पण विकतच्या कॅसेटी दबून येतात. मी म्हणायचो, विकतच्या कॅसेटी हल्ली भिकार येतात.

दहा वर्षं मी हे म्हणत होतो. मग एकदा रेडिओ स्टेशनातले एक तंत्रज्ञ स्वतःचा टेप घेऊन आले. त्यांच्याकडे हेड सेट करायची खास टेप होती, तीत फक्त एक बारीक शिट्टी. त्यांनी माझ्या काउंटरवरच्या मशीनवर ती लावली आणि माझ्याकडे बघितलं. शिट्टी जेमतेम ऐकू येत होती. स्क्रू जवळपास अर्धा फेरा फिरवल्यावर ती एकदम टोचायला लागली. मग त्यांनी माझी लता लावली. लता चादरीत गेली.

ज्या मशीनवर मी ती १९८१ मध्ये भरली, त्याचं हेड वाकडं होतं. म्हणून ती कॅसेट वाकडी. म्हणून तिच्यावर सेट केलेलं प्रत्येक मशीन वाकडं. भीमसेनांच्या विकतच्या कॅसेटीतला तंबोरा, तेलुगू गाण्यांतली झांज, वचनांतले टाळ, सगळ्यांची धार मी माझ्या लतापायी बोथट करून ठेवली होती आणि वर नेलपॉलिश लावलं होतं.

त्याच पाहुण्यांनी जाता जाता आणखी एक सांगितलं, तुमची कॅसेट अर्धा सूर चढी आहे. मशीन भरताना हळू चाललेलं दिसतंय. मोटरच्या मागच्या भोकातून स्क्रूड्रायव्हर घालून त्यांनी स्पीड कमी करून दाखवला. मला लता थकलेली वाटली. खरी पट्टी ती, आणि मला ती आजारी वाटली.

दुसऱ्या दिवसापासून मी जे जे आठवले त्यांना फुकट हेड सेट करून देईन म्हणून निरोप धाडले. निम्मेही आले नाहीत. जे आले त्यांतले दोघं आठवड्यात परतले, पहिल्यासारखं करून द्या म्हणाले.

६. मोजणी.

मी वही केली होती. गिनेस बुकात १९७४ साली लताच्या नावावर पंचवीस हजारांहून कमी नाहीत इतकी गाणी छापून आली, त्यावर रफींनी हरकत घेतली, पुढे आकडे बदलले, अखेर नोंदच निघाली. गाणं न् गाणं मोजणाऱ्या संग्राहकांचा आकडा त्याच्या कितीतरी खाली आला. माझी वही ३,१४० वर थांबली. वही चालू होती तोवर मी गाणी ऐकत नव्हतो, टिपत होतो. पुरे.

७. चाहत्यानं टीका वाचावी, पण उपाशीपोटी वाचू नये.

कुमार गंधर्वांचा लतावरचा लेख मला एका शिक्षक गिऱ्हाइकानं दिला. सुरुवात वाचून मी आनंदलो. आजारपणात पडल्या पडल्या त्यांनी रेडिओ लावला, एक आवाज काळजाला भिडला, शेवटी नाव ऐकलं आणि दीनानाथांची आठवण झाली. लताच्या गाण्यातल्या ‘गाणपणा’बद्दल ते जे लिहितात ते वाचताना मी उभा राहिलो. पुढे मात्र त्यांनी लिहिलंय की करुण रसाला तिनं तितका न्याय दिलेला नाही, आणि तिचं गाणं बहुतेक चढ्या पट्टीतलंच असतं. यात दोष तिचा किती आणि संगीतकारांचा किती हे सांगणं कठीण. मी लेख परत केला. शिक्षकांच्या रेडिओचं काम आठ दिवस लांबवलं, हेही आज कबूल करतो.

हेड सरळ झाल्यावर तो लेख मी पुन्हा मागून आणला. आता वाटलं, मी हिच्या प्रेमात पडलो तेच मुळी चढ्या पट्टीमुळे. लूमच्या खटखटीतून, सिलोनच्या खरखरीतून, गल्लीतल्या भांडणातून वर येणारा आवाज मला हवा होता, आणि तो अर्धा सूर आणखी चढवून मी ऐकत होतो. कुमारांना शांत खोलीत जे दिसलं ते मला कन्ना चौकात कसं दिसणार? करुण रसाबद्दल मात्र मी अजून त्यांच्याशी भांडतो, मनातल्या मनात. त्यांचं म्हणणं पटायला लागलंय, म्हणूनच जास्त भांडतो.

८. आवाज म्हातारा होतो तसा कानही.

२००४ मध्ये ‘वीर-झारा’ आला. मदनमोहनच्या न वापरलेल्या चाली, तो जाऊन २९ वर्षं झालेली, आणि गाणारी लता, वय ७५. मी सीडी आणली, सगळ्यांना बसवलं. सूनबाई म्हणाल्या, ‘बाबा, आवाज थकलाय हो.’ मी दोन दिवस जेवताना बोललो नाही. मला खरंच थकवा ऐकू येत नव्हता. मी ‘अनपढ’ची लता ऐकत होतो, सीडीतून फक्त चाल घेत होतो.

मग चार-पाच वर्षांनी हेड सेट होईना. स्क्रू फिरवतोय, तिखट जागा सापडतच नाही. इकडंही तसंच, तिकडंही तसंच. कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढून दाखवला. ४,००० हर्ट्झच्या पुढे रेषा घसरगुंडीसारखी खाली. म्हणाले, वयानं होतं, शिवाय तुम्ही वर्षानुवर्षं लूमच्या शेजारी. म्हणजे लताचे सूर मला ऐकू येतात, पण तिचा श्वास आणि ‘स’ येत नाही. आणि तरी ‘वो कौन थी’ लावलं की मला श्वास ऐकू येतो. कुठून येतो ते मला माहीत आहे, म्हणून सूनबाईंशी आता वाद घालत नाही.

लता गेली त्या दिवशी, ६ फेब्रुवारी २०२२ ला, दिवसभर दुकानाबाहेर लोक येऊन उभे राहत होते. गाणी लावा म्हणत होते. मी लावली नाहीत. आजूबाजूला सगळीकडे लागलीच होती.

९. हा शेवटचा सेट.

दुकान रिकामं करत होतो तेव्हा एक गृहस्थ जुना टू-इन-वन घेऊन आले. पद्मशाली, पूर्व भागातले, मी १९८५ च्या आसपास त्यांच्या वडिलांचं हे मशीन दुरुस्त केलं होतं. बेल्ट गेला होता, एवढंच काम. मी खोललं, हेडच्या स्क्रूवर माझा जुना नेलपॉलिशचा थेंब तसाच, लाल. हात आपोआप स्क्रूड्रायव्हरकडे गेला. म्हटलं, हे माझ्या हातून वाकडं झालंय, सरळ करून देतो, पैसे नकोत.

‘मिस्त्री, हात नका लावू,’ ते म्हणाले. खिशातून एक कॅसेट काढली. आई बतुकम्माची गाणी म्हणायची, ती त्यांनी याच मशीनवर भरली होती. आई १९९१ ला गेली. ‘दुसरीकडं लावली की आई लांब जाते. याच्यावर जवळ असते.’

बेल्ट टाकला. कॅसेट लावली. मला तेलुगू येत नाही, आणि वरचा आवाज तर आता कुठल्याच भाषेतला येत नाही. ते मात्र डोळे मिटून ऐकत होते. गाणं संपल्यावर मी माझी १९८१ ची कॅसेट त्यात घातली आणि त्यांना विचारलं, ‘श्वास ऐकू येतो का बघा.’

‘येतो की,’ ते म्हणाले.